गद्धेगाळ

डायनिंग टेबलावर नऊशे वर्षांपूर्वीची खाडी.
निळ्या सपाट पाट्या चार; पाचवी कमी पडली
म्हणून उधाणाच्या जागी औषधांची पावती, पालथी.
नेरूळ, सेक्टर अठ्ठेचाळीस, तिसरा मजला.
रिटायर झाल्यापासून माझं हेच ऑफिस.

मुलाच्या जुन्या खोक्यात किल्ला होता, पण परक्यांचा:
टोकेरी मनोरे, झुलता पूल, एक हिरवा ड्रॅगन,
आणि लोखंडी टोपातले सरदार
ज्यांना आपल्या उन्हाची कल्पनाच नव्हती.
त्यांचे टोप काढले.
ड्रॅगनची मान होडीच्या नाळेला लावली.
एकाची लाल झूल कात्रीनं कापून
जकातदाराला पागोटं झालं.
राणीच्या झग्याला काही केल्या कासोटा घालता येईना,
तेव्हा तिला टोपलीमागे उभी केली,
निवट्या विकायला.

सगळे हसतात. साच्यातूनच हसत येतात.
जकातदार हसतो,
ज्याची मिठाची गोण अडवलीय तोही हसतो,
वेठीला धरलेले तिघे हसतात,
आणि चावडीपुढे ओणवा केलेला
(त्यांचे पाय काटकोनातच वाकतात)
तोही, पिवळ्याधमक तोंडानं.
एकाचं डोकं फिरवून पाहिलं.
मागे दुसरा चेहरा असतो कधीकधी.
घाबरलेला निघाला.
तसाच ठेवला.

जुईली तांडेल चौथ्या मजल्यावरून येते,
शाळा सुटली की, एक चप्पल दारात, एक जिन्यात.
पांढरे एकटिंबी ठोकळे तिच्याकडे. मीठ.
एका कोंडीला बेचाळीस, मोजून,
कमी भरलं तर मलाच विचारते, कुणी खाल्लं?
आज विचारलं, दगडावर घोडा का?

गावाच्या हद्दीवर दगड उभा केलाय मी, करडा.
वर पिवळं टिंब सूर्य, नखाएवढा चंद्र,
खाली घोडा, ज्याचे कान मेणानं लांबवलेत,
कारण खोक्यात गाढव कधीच येत नाही.
सांगितलं: राजानं जमीन दिली
आणि कोरून ठेवलं, चंद्रसूर्य असेतो ही अशीच राहील,
जो कुणी मोडील त्याच्या
…
त्याच्या काय?
शिवी आहे. मोठी. आईवरून.
तिला ती येत असावी, असं तोंड केलं तिनं.

मग बेचाळिसावा ठोकळा दाबता दाबता,
आमच्या पणजोबांचं मीठ पण इथेच पिकायचं.
इथे म्हणजे गं?
इथे.
तिनं टाचेनं लादी ठोकली, दोनदा.
खालच्या मजल्यावर कुणाचा तरी टीव्ही चालू होता.

बेलापूरच्या कचेरीत माझं टेबल खिडकीशी होतं.
टू-एच पेन्सिल, टी-स्क्वेअर, ट्रेसिंगचा कागद.
मूळ नकाशात बांध वाकडे, भरतीनं ओढल्यासारखे;
त्यांच्यावरून सरळ रेघ गेली
की साहेब म्हणत, हात छान आहे तुझा.
अक्षरही. सेक्टरचे आकडे मीच काढायचो.
मिठागराला फक्त ठिपके असत, बारीक.
नको झाले की ब्लेडनं अलगद खरवडायचे,
कागद फाटू न देता. त्यातही माझा हात छान होता.

शालन म्हणाली, ताटं कुठे मांडू, राजाच्या डोक्यावर?
तेव्हा अख्खं गाव चार हातांनी उचलून
बाल्कनीत नेलं, वॉशिंग मशीनवर.
जुईली घरी गेली. भात, भरलं वांगं,
बातम्या नाही लावल्या.

रात्री दीडला पाण्याला उठलो, दिवा न लावता.
फ्रिजच्या अलीकडे
उजव्या टाचेखाली काहीतरी
टोकदार, दोन कानांचं,
आणि माझ्या तोंडून जी निघाली
ती अक्षरशः दगडावरचीच.
आतून शालन म्हणाली, कुणाला रे?