एक तीळ

तो तीळ नव्हताच, शाईचा थेंब होता.
पहिल्या खंडाचं मुखपृष्ठ, पहाटेचे चार,
मात्सुएच्या तळ्यावर शिंपल्यांच्या होड्या निघालेल्या,
माझं मनगट सुजलेलं.
निबेवरून एक ठिपका सुटला
युकिएच्या डाव्या डोळ्याखाली.
पुसायला गेले असते तर गाल गेला असता.
राहू दिला.
संपादकाला म्हटलं, मुद्दाम आहे.

युकिए : सोळा वर्षांची, शाळा सुटली की
स्टेशनात हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीशी बसणारी,
छत्रीच्या मुठीवरून खुनी ओळखणारी.
खिशात मावेल एवढं पुस्तक,
पोरं डब्याच्या सुट्टीत संपवायची.

चौथ्या खंडात लेखकाने तीळ पुराव्यात घेतला.
आरशातून काढलेला फोटो, भलत्या गालावरचा तीळ,
आणि उघडा पडलेला साक्षीदार.
त्याच आठवड्यात मला त्याचं पोस्टकार्ड :
"तुम्हाला कुणी सांगितलं?"
एवढंच.
मी उत्तर दिलं नाही.
खोटं बोलून झालं होतं,
आणि खरं इतकं हलकं, की तिकीट लावायची लाज वाटली.

मग तिळाला वाटेकरी आले.
मांगा काढणाऱ्या नेमोतोने तो टपोरा केला,
युकिए चिडली की तीळही चिडायचा.
ॲनिमेवाल्यांनी काढूनच टाकला :
हजारो चित्रं, प्रत्येकात चुकायला
एक जागा कशाला ठेवा?
चौथ्या खंडाची गोष्ट मग आपोआप गळाली.
नंतर टीव्हीवर हाडामांसाची मुलगी.
मेकअपची चिगुसा रोज सकाळी
पेन्सिलीने तीळ टेकवायची,
नवव्या भागात, घाईत, उजव्या गालावर.
एक तीळ सात जणांनी वाटून खाल्ला,
कुणाच्या तिळमात्र लक्षात आलं नाही.

एक पत्र आलं तेवढं.
थरथरतं अक्षर, पाकिटावर लेखकाचं खरं आडनाव.
"डावीकडे होता. मी आई आहे तिची.
मुलगा असता तर त्यानेच कळवलं असतं."

तो गेला होता तोवर. अकरावा खंड अर्धा,
खिडकीत लाल छत्री पडून,
न्यायला कुणी आलेलं नाही.
प्रकाशक म्हणाले, शेवट तुम्हीच चित्रांतून करा,
तुम्ही तिला ओळखता.

मूळ चित्र कापडात गुंडाळून मी म्हातारीकडे गेले.
तिने चित्र गुडघ्यांवर घेतलं, चष्मा शोधला,
सापडला तरी लावला नाही.
बोटाने गाल चाचपत राहिली,
नेमक्या त्या जागी, जिथे कागद जरा खरबरीत आहे.
देव्हाऱ्यात दोन फोटो होते.
एक त्याचा.
दुसऱ्याकडे मी पाठ करून बसले.

"कुठे भेटली होती तुम्हाला?" तिने विचारलं.
शिंपल्यांचं सार पुढे केलं, वाफ येत होती.
मी वाटी तोंडाला लावली.
दातांखाली वाळूचा कण आला.
थुंकला नाही.