उपयोग : अनिश्चित

तेरच्या संग्रहालयात, तिसऱ्या कपाटात,
मातीच्या बाहुल्या आणि शंखाच्या बांगड्यांच्या पलीकडे
एक राजा ठेवलाय. मिसर देशाचा.
मूळचा चुनखडीचा, आमच्याकडे आला तो प्लास्टरचा.
वीतभर उंची. डावा कान पुरता,
उजवा नुसता गोळा.
पाठ सपाट, आणि तिच्यावर रेघा
उभ्या-आडव्या, किराणा दुकानाच्या वहीसारख्या.

पाटी मीच लिहिली, एकोणीस वर्षांपूर्वी :
राजाचे मस्तक. उपयोग अनिश्चित.
साहेब म्हणाले होते, एवढंच लिही,
पंडितांचं भांडण अजून मिटलेलं नाही.

परवा दुर्गप्पा आला, पाटे-वरवंट्यांना टाकी लावणारा.
राजाच्या तोंडाकडे त्यानं पाहिलंच नाही.
म्हणाला, जरा फिरवा की.
मग काचेच्या अलीकडूनच, हवेत,
एकेका रेघेवरून नख नेलं.
"ह्ये शिकायचं डोस्कं हाय, भाऊसाब.
एक कान बापानं केला, दुसरा पोराला सोडला.
पोरगं पळालं असंल."
हसला. त्याच्या डाव्या हाताला दोन बोटं नाहीत.

सुंद्राबाईला हे पटलं नाही.
ती झाडू टेकवून उभीच होती.
नातवाचे डोळे आले तेव्हा तिनं
देवीला चांदीचे डोळे वाहिले होते, गव्हाएवढे.
"त्या डोळ्याला दिसतंय व्हय?
नवसाचं पुरं कशाला लागतंय.
वाहिलं की झालं."

मी दोघांचं ऐकलं.
आमचा दगड काळा, छिन्नी परत पाठवणारा,
त्यात अर्धा कान कुणी हौसेनं सोडत नाही
एवढंच मला ठाऊक.
आणि राजाला तर कुणीच विचारलं नसणार,
बाबा, तुझं नाक आम्ही कशाला गिरवतोय :
हात बसावा म्हणून, की पदरात पडावं म्हणून.
का तेव्हाही दोन्ही एकच होतं?

मार्चअखेर मोजणी असते.
नोंदवहीत रकाने दोनच, आहे आणि नाही.
एकोणीस वेळा मी 'आहे'वर खूण केली.
शेऱ्याची जागा कोरी.

तिसऱ्या कपाटाच्या पायाशी
अलीकडे जोंधळ्याचे चार दाणे असतात.
झाडणारीच टाकते,
म्हणून झाडले जात नाहीत.