सहा थाऊ

कवठेमहांकाळच्या माळावर, तिसऱ्या वळणाला
मी क्लच जरा लवकरच सोडला
आणि मागून आवाज आला,
मूठभर खडीसाखर कुणी एकदम चावावी तसा.
मग इंजिन नुसतंच ओरडत राहिलं,
चाकांपर्यंत काही पोचेना.
वीस वर्षांची जिप्सी धुळीत बसली
म्हशीसारखी, उठायचं नाही म्हणून.

सम्मेदनं टेम्पोत घालून ती मिरजेला आणली.
बाबालाल शिकलगारांनी डिफरन्शियल उघडलं,
काळं तेल परातीत घेतलं, त्यात लोहचुंबक फिरवला
आणि तळहातावर तीन तुकडे ठेवून मला दाखवले.
"दात," मी म्हटलं.
"व्हय. क्राउनचा. तुमच्याच खात्यातला."

मी दिवसभर ब्राह्मणपुरीत लोकांच्या तोंडात बघते.
तिथं एक गेला तर एक बसवता येतो.
इथं नाही. क्राउन आणि पिनियन
कारखान्यात एकमेकांवर घासून निघतात,
दोघांवर एकच नंबर कोरलेला.
"ह्याचं त्याला लावलं तर रोज कुरकुर,
आन् एक दिवस दोघंबी जात्यात."

शिरोलीच्या भंगारात
लिलावात निघालेल्या पोलीस जिप्सीची जोडी मिळाली.
चारशे सतरा. दुसऱ्यावरही चारशे सतरा.
साडेनऊ हजार,
माझे तीन रूट कॅनॉल.

मग चकत्या. कांद्याच्या आतल्या सालीइतक्या पातळ,
एक घाला, दोन काढा, गेजचा काटा बघा.
"लई घट्ट बसलं तर तापून जळतंय.
लई सैल तर ठोकतंय.
सहा थाऊ मोकळीक पायजे."
म्हणजे किती?
त्यांनी माझ्या डोक्याकडं पाहिलं. "दोन केस."

दातांना ब्रशनं निळा रंग लावला,
चाक हातानं फिरवलं, पुढं, मागं,
टॉर्च मारून पाहिलं निळं कुठं पुसलंय.
"टोकाला लागतंय. परत उघडा."
"आता बुडाला. परत उघडा."
सम्मेदनं बोल्ट मोजायचं सोडून दिलं.

माझ्याकडं निळा कागद असतो, चिमट्यात धरायचा.
चावा, म्हणायचं. घासा. उघडा.
डाग जिथं गडद, तिथला एक कण काढायचा.
बावीस वर्षं करतेय
आणि वाटत होतं, हे मलाच येतं.

तिसऱ्या रात्री साडेअकराला डाग मध्यावर आला,
लांबट, डाळिंबाच्या दाण्याएवढा.
बाबालाल काही बोलले नाहीत,
चहा तेवढा सांगितला
आणि डाव्या बाजूनं प्यायले.
कधीपासून बघतेय, डावीकडूनच पितात.
"दाखवा की एकदा."
"ह्या वयात काय. चालतंय."
"चालतंय म्हणणारी गिऱ्हाइकं
तुम्ही किती हाकलली?"
त्यांनी कप विसळला.

पहाटे मालगाव रस्त्याला काढली.
ते मागं आडवे, कान पत्र्याला.
साठला काही नाही. ऐंशीला बारीक गुणगुण.
"सोडा." सोडलं. "दाबा." दाबलं.
बराच वेळ मागून शब्द नाही,
मला वाटलं झोपले.
"जाऊ द्या," ते म्हणाले. "खाईल आता चारी ठाव."

पुढच्या महिन्यात, एकोणीस गाड्यांत, आम्ही अकरावे.
कप विट्याच्या एका पोरानं नेला.
पण तिसऱ्या वळणाला मी क्लच सोडला, मुद्दाम तस्साच,
आणि मागून काहीसुद्धा ऐकू आलं नाही.

बुधवारी दुपारी बाबालाल दवाखान्यात आले,
इस्त्रीचा शर्ट, नखांत तेल.
खुर्चीचे हात असे धरले
की गाडी मीच चालवतेय.
त्यानंतर तीन खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला
नवी कॅप बसवून मी कागद ठेवला.
चावा. घासा. उघडा.
त्यांनी आरसा मागितला, मान वाकडी करून डाग पाहिला,
आणि गालात कापूस असतानाच म्हणाले,
"टोकाला लागतंय, बाई.
परत उघडा."