एकोणतीसचा पाढा

सकाळी आठला निघाले तेव्हा वारा झोपलेला नव्हताच,
फक्त कूस बदलत होता.
तिएरा देल फुएगो. पश्चिमेला जाणारा खडीचा रस्ता,
डावीकडे कुंपण, उजवीकडे कुंपण,
मध्ये मी, सायकल,
आणि चार पिशव्यांत कोंबलेला माझा सगळा शहाणपणा.

दहापर्यंत सात किलोमीटर.
चालत गेले असते तरी तेवढेच झाले असते,
हे मनात आलं, आणि मी ऐकू न आल्यासारखं केलं.

शाळेत कधीच न आलेला पाढा म्हणायचा, असं ठरवलं.
एकोणतीस एके एकोणतीस, उजवा पाय.
एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, डावा.
त्रिक सत्त्याऐंशी.
सातेपाशी दर वेळी एक झोत यायचा
आणि मला उचलून कडेच्या चरात ठेवायचा.
रागाने नाही,
वाटेतली खुर्ची बाजूला सरकवावी तसा.
पुन्हा एके.

मग पाऊस. पडला नाही, आला.
आडवा, जमिनीला न शिवता,
पुढच्या गावी तातडीचं काम असल्यासारखा.
त्यात बर्फाची कणी. पापण्यांवर टाचण्या.
हातमोज्यातली बोटं आधी दुखली, मग दुखेनाशी झाली,
आणि तेव्हा मात्र मी घाबरले.
ब्रेक दाबलाय की नाही हे खाली बघून ठरवावं लागत होतं.

कुंपणापलीकडे एक ग्वानाको रवंथ करत उभा.
लग्नघरात आगंतुकाकडे बघतात
तसा बघत होता.

दीडला मेंढ्यांचा ट्रक थांबला.
दारावर रंगवलेलं: नोल्बेर्तो मान्सिया आणि मुलगे.
काच दोन बोटं खाली झाली. "चढा!"
मी म्हटलं, नको.
का म्हटलं कोण जाणे. जीभच तेवढी गरम उरली होती बहुतेक.
त्याने खांदे उडवले. मागच्या मेंढ्यांनीही.
ट्रक दिसेनासा झाल्यावर मी रडले,
तेही धड जमलं नाही,
आसवं गालांवर न उतरता कानांकडे गेली.

पुढे चेन निघाली. दातांनी हातमोजा ओढला,
तोंडात ग्रीस, वाळू, लोकरीचा धागा.
नंतरचं नीट आठवत नाही.
ढकलत होते. पाढा नव्हता.

अंधार पडता पडता एक पत्र्याचं घर,
आणि दारात हातात टॉवेल घेऊन बाई.
"नोल्बेर्तो सांगून गेला," ती म्हणाली,
"एक वेडी येतेय, पाणी चुलीवर ठेव.
तीन वेळा उकळलं. आत ये."

तिचं नाव एदुविहेस.
तिच्या घरी वारा आकड्यात मोजत नाहीत,
काय गेलं त्यावरून मोजतात.
आजचा वारा: एक बादली, धुराड्याचं टोपण,
आणि करडी कोंबडी, जी कधी कधी परत येते.

ती कणीक थापत होती, कढईत सोडत होती,
मी खात होते, बोटं परत येताना ठणकत होती.
"हे कशासाठी?" तिने विचारलं, सायकलकडे हनुवटी करून.
याचं उत्तर माझ्याकडे तयार असतं, तीन भाषांत.
शोधलं. बादलीबरोबर गेलं असावं.

"इकडे येणारे सगळे तोंडावर वारा घेऊन येतात," ती म्हणाली.
"जाणाऱ्याच्या पाठीवर तो हात ठेवतो.
माझा एलियासार रिओ ग्रांदेला गेला, टीव्ही जोडायच्या कारखान्यात,
याच रस्त्याने, असल्याच सायकलवर.
मी खिडकीतून बघत होते.
पोराला पायसुद्धा मारावा लागला नाही."

तिने पुरी उलटली. तेल चरचरलं.
बाहेर पत्रा उचकटत होता, बसत होता,
आणि माझ्या तोंडून, मराठीत, मोठ्याने निघालं:
एकोणतीस साते दोनशे तीन.

तिला वाटलं, आमच्याकडे आभार असे मानतात.
"तुम्हालाही," ती म्हणाली,
आणि अजून एक वाढली.