कारणे द्या

बॅरो-इन-फर्नेस, पाणबुड्या बांधणारं गाव.
तिथल्या शाळेच्या फाटकापाशी एक डबकं आहे,
लग्नघरातल्या परातीएवढं.
बाकीचं मैदान दुपारपर्यंत सुकतं,
हे मात्र शुक्रवारचं सोमवारी तसंच.

असं का, हे जोएल फिशविकनं विचारलं.
जोएल, म्हणजे ज्याच्या वहीत
तारखेच्या पुढे कधीच काही नसतं.
विचारलं तेही खिडकीला,
मला नव्हे.

माझ्या जिभेवर उत्तर तयार.
देवरुखच्या शाळेत घोकलेलं:
बाष्पीभवन, पृष्ठफळ, वाऱ्याचा वेग,
तीन मुद्दे, तीन गुण.
‘शास्त्रीय कारणे द्या’ म्हटलं की
आम्ही देऊन टाकायचो,
घरपट्टी भरावी तशी, मुदतीच्या आत.
ज्याची कारणे दिली ते कधी
वाकून पाहिलंय का, हे पेपरात नव्हतं.

मी जीभ चावली.
म्हटलं, “कसं शोधशील?”
तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं,
जरा रागानंच.

मग खडू.
सुट्टीच्या घंटेला काठाकाठानं एक रेघ,
पुढच्या घंटेला तिच्या आत दुसरी.
आठवड्यात डांबरावर
कापलेल्या खोडासारखी वर्तुळं.
पाऊस ती पुसायचा,
इथला पाऊस येत नाही, मुक्कामालाच असतो,
आणि जोएल पुन्हा पहिल्या रेघेपासून.

सगळं काही गोड नव्हतं.
मार्थानं दुसऱ्याच दिवशी पट्टी टाकली:
“मिस, तुम्हाला येतंय ना उत्तर?
मग सांगा की.”
तिचं अगदीच चुकत नव्हतं.
अर्धा वर्ग भिंतीवर चेंडू मारत होता,
मुख्याध्यापिका दारातून डोकावून गेल्या,
अपूर्णांक मागे पडले होते,
आणि रात्री मला वाटायचं,
फळ्यावर तीन ओळी, संपला विषय.

पण त्याच्या वहीत तारखेपुढे आता आकडे.
सकाळ, चौऱ्याऐंशी. दुपार, एक्याऐंशी.
एका पानावर नुसतंच:
‘मंगळवार. विसरलो. चेंडू खेळत होतो.’
खाली ओळ मोकळी.

गाळलेली जागा.
मी जन्मभर त्या भरत आले,
कंसातला योग्य शब्द निवडून.
त्यानं ती तशीच ठेवली,
अंदाजपंचे आकडा बसवला नाही,
कोणी पाहत नसताना.
बुधवारी मनगटावर पेनानं
घंटांच्या वेळा लिहून आला.
“कुणी सांगितलं?”
“कुणी नाही. डबकं थोडंच थांबणार आहे.”

तिसऱ्या आठवड्यात चार दिवस कोरडे गेले,
बॅरोत ही बातमीच,
आणि डबकं वाढलं.
दोन सेंटिमीटर,
न पडलेल्या पावसानं.
माझं बाष्पीभवन, माझे तीन गुण
त्या पाण्यात उभे, पायजमा वर करून.

“मिस, असं कसं?”
सव्वीस चेहरे. त्यांत मार्थाचाही.

देवरुखात ‘माहीत नाही’ला
एक छडी ठरलेली, उजव्या तळव्यावर.
हात आपोआप मिटला.
मग उघडला.
“माहीत नाही,” मी म्हटलं.

कोणी हसलं नाही.
मार्था बाकाखाली वाकून
टाकलेली पट्टी शोधू लागली.
डेन्झिलना, शाळेच्या शिपायांना, विचारायचं ठरलं:
खालून नळ जातो का?
‘की समुद्र?’ हे जोएलचं.
भरतीच्या वेळांचं पुस्तक तो आणणार आहे,
आजोबा कोळंबी धरतात त्याचे.

शनिवारी बाजारातून येताना पाहिलं.
फाटकाला कुलूप,
आणि गजांतून खांद्यापर्यंत आत गेलेला एक हात,
हातात काठी, काठीला बांधलेला खडू.

मी हाक मारली नाही.
कांद्यांची पिशवी
या हातातून त्या हातात घेतली
आणि लांबच्या रस्त्यानं घरी गेले.