कानाला हात

ऑक्टोबरची एकतीस. रात्री बाराला अर्ज बंद होईल.
गल्लीतली भुतं केव्हाच चॉकलेटं घेऊन घरी गेली,
आमचा सांगाडा वर झोपलाय, तोंड अर्धंच धुऊन.
खाली टेबलावर लॅपटॉप, वरणाचं गार पातेलं
आणि पाच रिकाम्या चौकटी.

त्याचं नाव कैवल्य. शाळेत त्याला ‘काय’ म्हणतात.
फाटकापाशी कुणाची तरी आई हाक मारते, काय! काय!
आणि सहा वर्षं झाली तरी मला वाटतं,
कुणीतरी जाब विचारतंय.

महिनाभर आम्ही ग्लॉस्टरभर शाळा बघत हिंडलो,
स्थळं बघावीत तशा.
तोच चहा, तीच बिस्किटं, पुढे केलेली इस्त्रीची पोरं,
आणि परतताना गाडीत तेच:
बाकी सगळं चांगलं आहे, पण.

ग्रामर स्कूलची परीक्षा तो पास झाला,
यादीत दोनशे बारावा. जागा दीडशे.
बासष्ट पोरांना दुसरीकडे सद्बुद्धी होवो,
असा नवस कोणत्या देवाला बोलतात?

काचेच्या नव्या शाळेत मुख्याध्यापिका आकड्यांतच बोलल्या.
मी सगळे लिहून घेतले.
उदयनला एवढंच दिसलं, की तास चालू असताना
संडासांना कुलूप असतं.

चर्चच्या शाळेला पाद्रीबाबांची सही लागते.
दोन वर्षांपूर्वीच जायला लागायचं होतंत, शेजारची डोरीन म्हणाली,
अगदी मायेनं, दुधात पाणी घालायला विसरलात म्हणावं तसं.

आणि कॅनॉलपलीकडची,
जिच्या अहवालावर ‘सुधारणेची गरज’ असा शेरा आहे.
माझ्याही प्रगतिपुस्तकात असायचा, गणितासमोर, चार वर्षं.
तिथे सुतारकामाच्या खोलीत एका बाईंनी
काही न बोलता त्याच्या हातात दिला
फळीचा तुकडा आणि पॉलिश पेपर.
वीस मिनिटं तो घासत राहिला. आम्ही भिंतीला टेकून उभे.
नंतर तुकडा गालाला लावून म्हणाला, आई, बघ.
मी बघितलं नाही. मी घड्याळ बघत होते.

अंतर कसं मोजतात?
कावळा उडेल तसं, डोरीन म्हणाली, सरळ रेषेत.
आमच्याकडे कावळा ओरडला की पाहुणा यायचा.
इथे तो आमच्या छपरावरून निघतो,
सुपरमार्केट ओलांडतो, दफनभूमी ओलांडतो,
आणि काचेच्या शाळेपासून बावीस मीटर आधीच
खाली बसतो.

माझ्या वडलांना शाळेत घातलं तेव्हा
गुरुजींनी एकच गोष्ट पाहिली:
उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतो का.
पोचला. जन्मतारीख एक जून. बस खाली.
गावात शाळा एक, दार एक.
पारखून घ्यायची रीत होती, पण ती बैलबाजारात.
त्यावरच ते शिकले, मला शिकवलं,
आणि मी इथे रात्री साडेअकराला
बावीस मीटरांशी भांडतेय.

ग्रामर वर टाक, उदयन म्हणतो, बिघडतंय काय?
काउन्सिलचं पत्रकही तेच म्हणतं.
पण सरकारी पत्रक वाचताना
दोन ओळींच्या मधलं वाचायची सवय
मी सामानातून आणलेली आहे.

वर गेले.
तो हात डोक्यावरून टाकून झोपला होता,
बोटं कान ओलांडून पार मानेपर्यंत,
उशीला पांढरा रंग, आणि उशाशी तो तुकडा.
हातात घेतला. एक बाजू रेशमासारखी.
दुसरी तशीच खरखरीत, त्याला वेळ मिळाला नव्हता.

काय, मी हळूच म्हटलं. पहिल्यांदाच त्या नावानं.
झोपेतच तो म्हणाला, काय?

बाराला चार मिनिटं असताना बटण दाबलं.
वर कोणती टाकली, उदयनला सकाळी सांगेन.
वरणाचं पातेलं भिजत घातलं.