प्रश्न चौदावा

मंगळवार आणि गुरुवार, सात ते दहा,
संशोधन पद्धती, पेपर दुसरा.
दिवसभर नगरपालिकेत नकाशे रंगवून
सेहेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा मागच्या बाकावर,
डब्यात सकाळचे उरलेले थालीपीठ.

डॉ. शम्सा अल-रियामी फळ्यावर लिहितात :
जे मोजायचे, त्याची आधी व्याख्या करा.

माझा विषय : रुवी ते वादी कबीर,
बसथांबे, आणि त्यांच्यावर नसलेली सावली.
नमुना एकशे वीस. प्रश्न बावीस.
चौदावा : घरापासून थांब्यापर्यंत चालत किती मिनिटे?

इस्माईल परकार, गालिच्यांच्या गोदामावर रखवालदार.
माझे मराठी ऐकून आधी हसला.
"खेडच्या का तुम्ही?"
नाही, साताऱ्याची.
"चालंल."
तेरा प्रश्न भराभर गेले. चौदाव्यावर थांबला.
"घरापासून?
घरापासून निघालो त्याला एकोणीस वर्षं झाली, बाई."

इथले घर, मी म्हटले.
"हितं घर नाय. खाट हाय. वरची."

त्या रात्री एकोणीस वर्षांची मिनिटे केली :
नव्व्याण्णव लाख शहाऐंशी हजार चारशे,
लीप वर्षे सोडून.
रकान्यात टाकली, तर सगळ्यांची सरासरी
थांब्यावरून उठून समुद्रात गेली.
आउटलायर, डॉ. शम्सा म्हणाल्या. काढा,
नाहीतर पुन्हा विचारा.

पुन्हा गेले. व्याख्या पक्की करून नेली होती :
घर म्हणजे उत्तरदाता जिथे रात्री झोपतो ती जागा.
त्याने नीट ऐकून घेतले. करक चहा मागवला.
"मी रात्री झोपत नाय. ड्युटी असते."
माझे पेन कागदावर तसेच.
मग तोच म्हणाला,
"अकरा लिवा. तुम्हाला पास व्हायचंय ना."

लिहिले.
आलेख गुळगुळीत आला. बी प्लस.
शिफारस क्रमांक तीन :
'चालण्याचे अंतर वाजवी आहे.'

अहवाल बांधून झाल्यावर, जूनमध्ये,
त्याच्या ड्युटीच्या वेळेला, दुपारी साडेतीनला
त्याच्या खोलीच्या दारापासून मी चालून पाहिले.
मशिदीबाहेरच्या थंड पाण्याच्या नळाशी एकदा थांबले,
एकदा उगीचच.
सतरा.

थांब्यावर फक्त एक खांब.
त्याच्या मनगटाएवढ्या सावलीत
तीन माणसे उभी होती, एकामागे एक,
कुणी न सांगता लावलेली रांग.
इस्माईलने मान वळवली नाही,
फक्त अर्धे पाऊल पुढे सरकला.
मी चौथी.